लोंढा, पश्चिम केबिन

पाटीवर तीन लिप्या.
कन्नड मी अजून अडखळत वाचते,
इंग्रजी कुणाचंच नाही म्हणून सगळ्यांचं,
आणि नागरीत लिहिलंय लोंडा:
ढच्या पोटातली गाठ कुणीतरी सोडवून नेलेली.
बाबा म्हणायचे, असू दे गे,
गाडी काय पाटी वाचून थांबत नाही.

लोंढा म्हणजे फुटून आलेलं पाणी.
इथं मात्र साग, किंदळ, लाल धूळ,
रेल्वे कॉलनीच्या कौलांवर वाळलेलं शेवाळ.
समुद्र यायचा तो वाघिणीतून.
ओल धरलेल्या मिठाच्या गोण्या,
ब्रेकव्हॅनच्या दाराशी सुक्या बांगड्यांच्या पाट्या,
आणि वास्कोहून उतरलेल्यांच्या चपलांतून
फलाटावर सांडलेली चिमूट चिमूट वाळू.
हुसेनबीचा झाडू पोचायच्या आत
मी ती काड्यापेटीत भरायची.

बाबा. भरमाणी सातेरी घाडी.
एकतीस वर्षं लिव्हर ओढून
गाडीला समुद्राची वाट करून दिली.
स्वतःचा पास फडताळात, घडी न मोडलेला.
कधी रिलीव्हर आला नाही,
कधी घाटात दरड,
कधी आईचं दुखणं.
तू दहावी हो, म्हणायचे, मग जाऊ.
पयल्यांदा बघायचा तो दोघांनी मिळून.

दहावी झाली. आईचं दुखणं राहिलं.

केबिनला आता कुलूप आहे.
फुटक्या काचेतून दिसतात
लिव्हरांच्या जागी चौकोनी भोकं,
एकातून रानतुळस वर आलेली.
मीटरगेजचे रूळ कुठं गेले, विचारलं
तर ड्युटीवरच्या पोरानं कुंपणाकडं बोट केलं.
खांब होऊन उभे आहेत,
काटेरी तार धरून.

बाकावर बस्त्यांव गार्ड, ब्याऐंशीचा.
कुठलीच गाडी नसते त्याची,
तरी घड्याळ बघतो.
"भरमाणीची धुव गो तू?"
एक चहा दोन कपांत करायला लावला
आणि परवाचंच असावं तसं सांगितलं:

"एकदा नेला होता मी त्याला. तू असशील आठवीत.
तीन दिवस बदली ड्युटी, वास्कोला.
पूल ओलांडला की समोर दर्याच.
मी म्हटलं, ये रे, बघ.
हा पाठ करून उभा!
तीन दिवस, सायबा, पाठ करूनच.
जेवायला बसला तरी भिंतीकडं तोंड.
पोरीला शब्द दिलाय, म्हणाला.
आवाज आला तेवढा आला, त्याला काय करू, म्हणाला."

बस्त्यांव हसला. बराच वेळ हसला.

माझ्या कपावर साय धरली.
एकोणीस वर्षांची मी, कॉलेजची सहल, कारवार,
गुडघ्यापर्यंत पाण्यात,
लाटेवर ओरडून घसा बसलेला.
घरी सांगितलं, जोगचा धबधबा बघितला.
बाबांनी विचारलं, पाणी किती होतं?
म्हटलं, खूप.
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.
असणारच, म्हणाले.
महिना मार्चचा होता.

"गाडी येऊल्या की!" पोरगा ओरडला.
बस्त्यांवनं हात हलवला नाही,
आडवा धरून ठेवला,
त्यात निशाण असावं तसा.

तिकीट वास्कोचं. पर्समध्ये काड्यापेटी.
डब्यात पुढच्या तोंडाची खिडकी रिकामी होती.
मी समोरच्या बाकावर बसले,
गाडी जाते तिकडं पाठ करून.
केबिन लहान होत गेली,
मग कुंपण, मग नुसता साग.
तिनईघाट गेलं. कॅसलरॉक गेलं.
उतार लागला तसं शेजारच्या बाईला विचारलं,
वारा खारट येतोय का हो?
तिनं खिडकीबाहेर हात धरला, चाटून बघितला.
छे, म्हणाली, अजून लई लांब आहे.